लहान मुलांचं घर: आवरायचं किती आणि काढून टाकायचं किती?

उचकापाचक:
घरात दोन मुलं. थोरला साडेचार वर्षांचा, धाकटी दीडची. आवरता मला येतं, प्रश्न तो नाहीये. प्रश्न असा की आवरलेलं टिकत नाही आणि दर वेळी आवरणारी मीच असते. रात्री सगळं जागच्या जागी जातं, सकाळी थोरला उठला की पहिला टब उपडा, मग धाकटी त्यातलं एकेक उचलून घरभर पेरत जाते, आणि दुपार व्हायच्या आत पाऊल ठेवायला जागा शोधावी लागते.
पारदर्शक बॉक्स, ड्रॉवरमधले डिव्हायडर, दाराला लटकवायचा खणाखणांचा ऑर्गनायझर, सगळं आहे घरात. त्याने वस्तूंना राहायला जागा मिळाली, वस्तू काही कमी झाल्या नाहीत.
तर ज्यांच्याकडे सहा वर्षांखालची मुलं आहेत आणि तरी घर बऱ्यापैकी ताब्यात असतं त्यांनी नेमकं काय केलंय ते सांगा. फोटोतली पांढरीशुभ्र घरं नकोत. आणि "मोठी झाली की होईल सगळं नीट" हेही नको, तोवर मलाच राहायचंय इथे.

खिडकीपाशी:
वाचतेय. आमच्याकडे सोफ्याच्या गाद्या उचलल्या की खाली वेगळाच संसार सापडतो.

निगुतीने:
बॉक्स शेवटी आणायचे असतात, आधी उपसा. आणि उपसा करायला लोक पहिलं मुलांच्या खेळण्यांनाच हात घालतात, मला ते पटत नाही. आधी स्वतःचं कपाट काढा. जुने चार्जर, कुठल्या यंत्राचे ते माहीत नसलेली मॅन्युअल, न बसणारे कपडे, एक्स्ट्रा म्हणून ठेवलेल्या चादरी. मोठ्यांची अडगळ बंद दाराआड असते म्हणून दिसत नाही, पण ती जागा मोकळी झाली की मुलांचं जमिनीवरचं अर्धं सामान तिथे जातं. शिवाय स्वतःच्या वस्तू सोडताना किती जीव अडकतो ते कळलं की मुलांवर जरा कमी ओरडतो आपण.
खेळण्यांचं म्हणाल तर टॉय रोटेशन. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातला २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास आहे, दीड ते अडीच वर्षांची ३६ मुलं, एकदा त्यांच्यापुढे ४ खेळणी ठेवली आणि एकदा १६. ४ असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच खेळण्याशी जास्त वेगवेगळ्या प्रकारे खेळली. अभ्यास छोटाच आहे पण घरी करून बघायला काही लागत नाही, म्हणून आम्ही केलं.
पद्धत सांगते. सगळी खेळणी एकदा जमिनीवर ओता. मोडकी आणि पार्ट हरवलेली बाजूला. उरलेल्यांचे तीन-चार गट करा, पण सगळ्या गाड्या एका गटात असं नको, प्रत्येक गटात थोडं रचायचं, थोडं ढकलायचं, एखादं पझल, एखादं खोटंखोटं खेळायचं असं सगळं आलं पाहिजे. एक गट बाहेर, बाकीचे माळ्यावर किंवा कपाटात वर, दिसणार नाहीत असे. दिसले की मागणारच. ठोकळे आणि झोपताना लागणारी बाहुली मात्र कायम बाहेर, त्यांना रोटेशन नाही. बदल कधी करायचा त्याला तारीखवार नको, बाहेरच्या खेळण्यांवरून नुसत्या उड्या मारून जायला लागली की बदलायचं.

दोन_पिल्लं:
+१ निगुतीने. फक्त एक, वरच्या बॉक्समधल्या खेळण्यांच्या बॅटऱ्या काढून ठेवा. महिनोनमहिने पडून राहिल्या की फुटतात, आतलं क्षारयुक्त पाणी पत्र्यांवर चढतं आणि खेळणं कायमचं मुकं होतं. मुकं होण्याचं फार दुःख नसतं काही खेळण्यांच्या बाबतीत, ते वेगळं.

बाबा_ऑन_ड्यूटी:
>>दर वेळी आवरणारी मीच असते
खरा मुद्दा हा आहे, खेळण्यांचा आकडा नाही. आमच्या घरी काय होतं की कुठली वस्तू कुठे जाते हे फक्त बायकोच्या डोक्यात होतं. मी आवरायला घेतलं की दर मिनिटाला "हे कुठे ठेवू" आणि तिचं उत्तर "राहू दे, मीच ठेवते". मग मी मदत करत नाही असा निकाल. मला आळस नव्हता असं म्हणत नाही, पण नकाशा नसलेल्या माणसाला रस्ता विचारावाच लागतो.
मग आम्ही दोघांनी मिळून एक ठरवलं, घरात पहिल्यांदा आलेल्या माणसालाही कुणाला न विचारता वस्तू जागेवर ठेवता आली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक टबवर आत काय जातं त्याचा फोटो चिकटवला. अक्षरं नाहीत, फोटो, कारण मुलगी तीन वर्षांची आहे आणि तिलाही तेच लेबल वाचता यायला हवं. फोटो मी काढले, टब तिने ठरवले. गाड्यांचा टब खालच्या फळीवर उजवीकडे, बाहुलीचे कपडे त्याच्या शेजारी. झाकणं सगळी काढून टाकली. झाकण उघड, वस्तू टाक, झाकण लाव म्हणजे तीन कामं, मूल पहिल्यावरच थांबतं. उघडा टब असला की नुसतं टाकायचं.
फार बारीक वर्गीकरणही नको. आधी बायकोने प्राणी वेगळे, डायनासोर वेगळे, समुद्रातले वेगळे असं केलं होतं, मोठ्यांना बघायला छान वाटतं ते. आता सगळा "प्राणी" टब. डायनासोर आणि मासे एकत्र राहतात, कुणाची तक्रार नाही.

उचकापाचक:
बाबा, "राहू दे, मीच ठेवते" हे वाक्य आमच्या भिंतींना पाठ आहे. फोटो लेबलची आयडिया घेतली. पण धाकटी ते फोटो खरवडून काढेल त्याचं काय?

बाबा_ऑन_ड्यूटी:
आतल्या बाजूने चिकटवा, टब पारदर्शक असेल तर. नाहीतर वरून रुंद चिकटपट्टी पूर्ण झाकेल अशी. कोपरा सुटा दिसला की संपलं.

मोकळं_अंगण:
मी जरा वेगळं बोलतो. मुलांच्या घरात पसारा असणारच, असावा. आमच्या लहानपणी कुठे होते टब आणि लेबलं, चादरीची गुहा करायचो आणि ती रात्रभर तशीच असायची. सारखं आवर आवर केलं की मुलं खेळायची थांबतात. घर म्हणजे शोरूम नाही.

निगुतीने:
मोकळं_अंगण, गुहेला कुणाचा विरोध आहे? गुहा म्हणजे चालू पसारा. त्यात मूल आहे, गोष्ट चालू आहे, ती दोन दिवस राहिली तरी चालेल. मी बोलतेय ते पडीक पसाऱ्याबद्दल. तुटलेल्या गाडीचं एक चाक, तीन वाळलेली स्केचपेन, कुठल्याशा वाढदिवसाला मिळालेली शिट्टी, अंगाला न येणारा स्वेटर. यात कुणी खेळत नाही, फक्त सगळे ओलांडतात. पडीक काढला की गुहेलाच जागा होते.
आणि तुमच्या लहानपणी लेबलं नव्हती कारण वस्तूच इतक्या नव्हत्या हो. शिवाय ती चादर सकाळी घडी घालून कोण ठेवायचं ते आठवून बघा.

मोकळं_अंगण:
:) शेवटच्या वाक्याला उत्तर नाही माझ्याकडे. चालू आणि पडीक हा फरक मान्य.

संथ_वाहते:
या निमित्ताने. लॉस एंजेलिसमध्ये २००१ ते २००५ या काळात संशोधकांनी ३२ कुटुंबांच्या घरात जाऊन त्यांचं रोजचं जगणं नोंदवलं होतं, दोघंही कमावणारे आणि घरात मुलं अशी कुटुंबं. त्यांनी आईबापांना कॅमेरा देऊन स्वतःचं घर फिरून दाखवायला सांगितलं. नंतर २०१० साली त्यावर एक पेपर आला, ज्या बायकांनी घराचं वर्णन करताना पसारा, अर्धवट राहिलेली कामं असे शब्द जास्त वापरले त्यांच्यात कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं हार्मोन, दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. पसाऱ्यानेच हे होतं असं त्यातून सिद्ध होत नाही, उलटंही असू शकतं. पण मला त्यातलं हे महत्त्वाचं वाटतं की खोली तीच असते, एकाला त्यात खेळणी दिसतात आणि दुसरीला न झालेल्या कामांची यादी दिसते. "तुला उगाच टेन्शन येतं, मला तर काही वाटत नाही" असं म्हणणाऱ्यांसाठी लिहिलंय हे.

खिडकीपाशी:
शेवटचा परिच्छेद नवऱ्याला फॉरवर्ड केलाय. निळ्या दोन रेघा आल्यात, उत्तर नाही.

सुताची_गुंडी:
मुलं शाळेत गेली की गुपचूप पिशवी भरायची, सरळ उपाय. आठवडाभरात विचारलं नाही तर देऊन टाकायची. त्यांना विचारत बसलं तर एक ठोकळा बाहेर जाणार नाही.

चांदणचुरा:
सुताची_गुंडी, मोडकं, फाटलेलं, वाळलेलं हे गुपचूप जाऊ दे, माझंही जातं. पण चांगलं खेळणं मुलाला न सांगता देऊन टाकणं मला पटत नाही. माझ्या भाच्याच्या बाबतीत बघितलंय. त्याची जुनी लाकडी आगगाडी परस्पर गेली, त्याने विचारलं तेव्हा "हरवली असेल" सांगितलं. त्यानंतर पोरगं प्रत्येक वस्तू उशीखाली घेऊन झोपायला लागलं, बारीकसारीक कागदसुद्धा. ज्या घरात वस्तू आपोआप नाहीशा होतात तिथे मूल वस्तू सोडायला कसं शिकेल, धरून ठेवायलाच शिकणार.
चार वर्षांच्या मुलाला विचारता येतं. प्रश्न मात्र बरोबर हवा. "यातलं काय देऊया?" विचारलं तर "काहीच नाही". "यातली तुझी सगळ्यात लाडकी पाच गाड्या कुठल्या?" विचारलं तर लगेच उचलतात, आनंदाने. मग उरलेल्यांबद्दल बोलणं सोपं जातं, कारण लाडक्या सुरक्षित आहेत हे त्याला दिसतंय. आणि मधल्यांसाठी एक "बघू" पेटी. तिच्यावर तारीख टाकायची, वर ठेवायची. मधल्या काळात मागितली वस्तू तर कुरकुर न करता काढून द्यायची, तेवढं पाळलं तर पेटीवर विश्वास बसतो. तारीख उलटली की पेटी त्याच्यासमोर उघडायची. बऱ्याचदा स्वतःच म्हणतात, हे छोट्या बाळांचं आहे.

सुताची_गुंडी:
ठीक, लाडक्या पाचची युक्ती करून बघते. पण शिट्ट्या मी गुपचूपच टाकणार, त्यावर चर्चा नाही.

चांदणचुरा:
शिट्ट्यांना अनुमोदन.

पांढरे_बूट:
मी बालरोग विभागात नर्स आहे. आवराआवर करताना मुलं आजूबाजूला असतील तर काही गोष्टी लिहितेय, कंटाळवाण्या आहेत पण वाचा.
पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची, बटन बॅटरी. उपसा करताना ड्रॉवरच्या तळातून निघतात त्या चपट्या चकचकीत गोल बॅटऱ्या. २०३२ नंबरची असते ती २० मिलिमीटर रुंद, मुलाच्या अन्ननलिकेत अडकायला बरोब्बर. गिळली गेली तर आतला ओलावा लागून करंट वाहतो आणि २ तासांतसुद्धा गंभीर भाजू शकतं. रिमोट चालवायला संपलेली बॅटरी या कामाला संपलेली नसते, त्यामुळे "डेड आहे" म्हणून वाडग्यात जमवून ठेवू नका. दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून, मुलांच्या हाताबाहेर, आणि ई-कचऱ्यात. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल.
दुसरं, कपड्यांत डांबरगोळ्या घालून वर ठेवता ना, लहान मुलांच्या कपड्यांत नको. नॅप्थलीन असतं त्यात, गोळी गोड खाऊसारखी दिसते, आणि जी सिक्स पी डी नावाचं एन्झाइम कमी असलेल्या मुलांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. तान्ह्या बाळांना नुसत्या तशा कपड्यांनी त्रास झालेला आहे. कपडे पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले की पुरतं.
तिसरं, उंच कपाट आणि खणांचं ड्रॉवर भिंतीला स्क्रूने बांधा. तुम्ही मुलांनी स्वतः घ्यावं म्हणून खालचे ड्रॉवर देताय, चांगलंय, पण मूल ते ड्रॉवर पायऱ्यांसारखे उघडून वर चढतं आणि अख्खं कपाट अंगावर येतं. जड सामान खाली, आणि वर मुलाला मोह होईल असं काही ठेवायचं नाही.
पाळणा किंवा कॉट कुणाला देणार असाल किंवा कुणाची घेणार असाल तर दोन दांड्यांमधलं अंतर मोजा, ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. सगळे स्क्रू मूळचे असले पाहिजेत.

दोन_पिल्लं:
वाचनखूण साठवली. डांबरगोळ्यांचं खरंच माहीत नव्हतं.

उचकापाचक:
पांढरे_बूट, खूप आभार. यातूनच पुढचा प्रश्न, थोरल्याच्या खेळण्यांचे बारीक पार्ट आणि धाकटी तोंडात घालते. दोघांची खेळणी वेगळी ठेवायची तर कशी, खोली एकच आहे.

पांढरे_बूट:
३ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची चाचणी घेतात तेव्हा जवळजवळ ३२ मिलिमीटर व्यासाची एक छोटी नळी वापरतात, आतून तिरका तळ असलेली. जो पार्ट तिच्यात न दाबता पूर्ण मावतो तो त्या वयाला चालत नाही. घरी ढोबळ अंदाजासाठी टॉयलेट पेपरच्या रोलची आतली पुठ्ठ्याची नळी घ्या, ती जरा रुंदच असते म्हणजे सुरक्षित बाजूला. त्यातून जे आरपार जातं ते धाकटीच्या उंचीवर नको.

निगुतीने:
आम्ही खोली आडवी वाटली. जमिनीपासून धाकट्याचा हात पोचतो तिथपर्यंत त्याचं राज्य, म्हणजे मोठे ठोकळे, कापडी पुस्तकं, ढकलायच्या गाड्या. त्याच्या वर थोरलीचं. बारीक पार्टचं सगळं फक्त टेबलावर, खुर्चीत बसून, आणि एका कडा असलेल्या ट्रेमध्ये. ट्रे फार उपयोगी प्रकार आहे, खेळ अर्धवट राहिला तरी अख्खा ट्रे उचलून कपाटावर ठेवता येतो, मोडायला लागत नाही. थोरल्यांना "धाकट्यामुळे माझं सगळं उचलून ठेवतात" हा राग असतो तो त्याने बराच कमी होतो.

संथ_वाहते:
रोज रात्री मुलांकडून आवरून कसं घेता? आमच्याकडे त्या वेळी महायुद्ध.

बाबा_ऑन_ड्यूटी:
झोपायच्या वेळी घेऊच नका. मूल दमलेलं, आपण दमलेले, त्यात शिस्त लावायला जायचं म्हणजे दोघांपैकी एकजण रडणार. आम्ही रात्रीच्या जेवणाआधी घेतो, पोटात भूक असते आणि पुढे जेवण दिसत असतं.
आणि "खोली आवर" हे वाक्य चार वर्षांच्या मुलाला काहीच सांगत नाही. त्याला खोली दिसते, सुरुवात कुठून करायची ते दिसत नाही. "सगळी चाकवाली निळ्या टबात" एवढंच सांगायचं. ते झालं की "आता सगळी पुस्तकं". एका वेळी एकच जात. आपण त्याच वेळी दुसरी जात उचलायची, कमरेवर हात ठेवून उभं नाही राहायचं. दीड-दोन वर्षांच्या मुलांना तर वस्तू डब्यात टाकायचं वेडच असतं, डब्यात टाकणं हाच खेळ. फक्त टाकून झालं की डबा लगेच वर, नाहीतर पुढचा खेळ ओतण्याचा.

चांदणचुरा:
हे शाळांमधून कधीपासूनचं चाललंय खरं तर. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमला पहिलं बालघर सुरू केलं. त्यांच्या पद्धतीत मुलाच्या उंचीच्या उघड्या फळ्या असतात, प्रत्येक साहित्याची ठरलेली जागा, आणि प्रत्येक साहित्य एकच. दुसऱ्याला हवं असेल तर पहिल्याचं ठेवून होईपर्यंत थांबायचं. त्यामुळे परत जागेवर ठेवणं ही शिक्षा नसते, खेळाचाच शेवटचा भाग असतो. शाळेत निमूट आवरणारी मुलं घरी का आवरत नाहीत याचं निम्मं उत्तर त्या फळ्यांत आहे. उरलेलं निम्मं म्हणजे घरी आई असते :)

जास्वंद_आजी:
मी आजी आहे, दोन नातवंडं आहेत. हे सगळं वाचलं, छान लिहिताय पोरींनो (आणि बाबा). पण एक सांगते. मुलगी मला फोनवर म्हणाली आई प्लीज आता खेळणी आणू नकोस, घरात जागा नाही. मला वाईट वाटलं. आम्ही रोज भेटत नाही, रिकाम्या हाताने कसं जायचं? दार उघडल्यावर पोरं पहिलं पिशवीकडे बघतात. मग मी काय करू तेही तिने सांगावं ना.

उचकापाचक:
आजी, बरं झालं तुम्ही लिहिलंत. आमच्याकडेही हाच नाजूक विषय आहे आणि मी पण "आणू नका" एवढंच सांगते. पुढचं वाक्य माझ्याकडेही नसतं.

निगुतीने:
आजी, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे. नुसता नकार देऊन नाही चालत. आमच्या आईशी आम्ही असं ठरवलं की खेळणी आणायचीच, पण ती तिच्या घरी राहतील. आजीकडचा एक खण. मुलं तिकडे जातात तेव्हा त्या खणावर झडप. आणि इकडे येताना ती संपणारी वस्तू आणते, रंग, चिकटवायची चित्रं, बुडबुड्यांचं पाणी, चित्रकलेचे कागद. पिशवीकडे बघणारी मुलं पिशवीत काहीतरी आहे याच्यावर खूश असतात, ते किती मोठं आहे याच्यावर नाही.

जास्वंद_आजी:
आजीकडचा खण आवडला. माझ्याकडे जागा भरपूर आहे, पसारा मी करीन आता.

पांढरे_बूट:
आजी, तुमची औषधं त्या खणापासून लांब, आणि पिशवीत किंवा पर्समध्ये गोळ्या ठेवत असाल तर ती पिशवी खुंटीला, उंच. नातवंडं पहिली पिशवीकडेच बघतात हे तुम्हीच लिहिलंय.

सुताची_गुंडी:
कपड्यांचं बोला कुणीतरी. माझ्याकडे खेळण्यांपेक्षा कपडे जास्त आहेत, लहान झालेले, मोठे होणारे, कुणीकुणी दिलेले.

दोन_पिल्लं:
माझी पद्धत चालली आहे बऱ्यापैकी. कपाटात आतल्या दांडीला एक कापडी पिशवी कायम टांगलेली. घालताना लक्षात आलं की आखूड झालंय, की अंगातून काढून धुतल्यावर थेट त्या पिशवीत, घडी घालून परत थप्पीत नाही. ही एकच सवय लागली पाहिजे, नाहीतर आखूड शर्ट दर वेळी थप्पीतून निघतो, अंगावर चढवून बघितला जातो, रडारड होते आणि परत थप्पीतच जातो. पिशवी भरली की निर्णय. धाकट्यासाठी ठेवायचं असेल तर डब्यावर साइज मोठ्या अक्षरात. वय नको लिहू, साइज लिही, कारण एकाचं दोन वर्षांचं दुसऱ्याला दीडलाच होतं. आणि पुढच्या साइजचा एकच डबा हाताशी ठेवायचा, त्यापुढचे वर. कुणी देत असेल तर घेण्याआधी विचारायचं स्वतःला की हा डबा बसेल का आत्ता, नाही बसणार तर आभार मानून नाही म्हणायचं. आपण दुसऱ्याची अडगळ ठेवून घेण्याची जागा नाही.

खिडकीपाशी:
आणि चित्रं? शाळेतून रोज चार कागद येतात. एक टाकला तर पोरगी कचऱ्याच्या डब्यातून काढून आणते आणि "हे चुकून पडलं होतं" म्हणते. चेहरा इतका सरळ ठेवून म्हणते ना.

संथ_वाहते:
दोरी आणि चिमटे. भिंतीला एक दोरी, त्यावर चिमटे, जेवढे चिमटे तेवढी चित्रं. नवीन लावायचं तर कुठलं उतरवायचं ते तिने सांगायचं. उतरवलेल्याचा फोटो, आणि अगदी खास असेल तर वर्षाच्या फोल्डरमध्ये. फोल्डर एका वर्षाला एकच, मागच्या बाजूला तारीख आणि ती काय म्हणाली ते पेन्सिलीने लिहा, ते चित्रापेक्षा भारी असतं नंतर वाचायला. पुठ्ठ्याची रॉकेटं वगैरे असतील तर तिच्या हातात देऊन फोटो काढा, आकार कळतो आणि तिचं वयही कळतं.
फोटो काढून झाला की कागद तिच्यासमोर बारीक फाडू नका एवढंच.

मोकळं_अंगण:
अवांतर, खेळण्यांची वॉरंटी वगैरेची बिलं जपून ठेवत असाल तर त्यांचेही फोटो काढा. त्या गुळगुळीत कागदावर शाई नसते, उष्णतेने काळा होणारा थर असतो, फाइलमध्ये वर्षभरात पांढरा फटक होतो. फाइल मात्र जाड होत राहते.

उचकापाचक:
अपडेट. सगळं घर नाही घेतलं, हॉलमधली खालची एक फळी घेतली. ती पूर्ण रिकामी केली. निघालं ते असं, झाकण नसलेली स्केचपेनं, दोन वेगवेगळ्या जोड्यांचे डावे मोजे, चार्जरचं एक टोक, कागदी मुकुट, आणि मागे भिंतीला टेकून उभा असलेला आमच्या दोघांच्या नावाचा पत्रव्यवहार, म्हणजे निगुतीने म्हणाली तसं मोठ्यांची अडगळ मुलांच्या फळीवर. थोरल्याला लाडक्या पाच गाड्या निवडायला सांगितल्या, त्याने सहा निवडल्या आणि सहावी ही पाचव्याची ट्रॉली आहे असं पटवून दिलं. मान्य केलं.
नवऱ्याने फोटो काढून लेबलं लावली, आतल्या बाजूने. काल मी न सांगता त्याने ठोकळे ठोकळ्यात टाकले. मी काही बोलले नाही, उगाच कौतुक केलं की ते "मदत" होतं.
आता अडलंय ते पझलवर. सात-आठ पझल आहेत, बॉक्स फाटलेत, तुकडे एकमेकांत मिसळलेत. बसून जुळवायचा पेशन्स नाही आणि टाकवत पण नाहीत. काय करता?

बाबा_ऑन_ड्यूटी:
एकदाच बसायला लागेल, त्याला इलाज नाही. पण प्रत्येक पझल जुळलं की उलटं करून प्रत्येक तुकड्याच्या मागे एकच खूण करा, एका पझलला चांदणी, एकाला त्रिकोण, एकाला लाल ठिपका. पुढे कुठेही एक तुकडा सापडला की मागे बघायचं, कुणाचा ते कळतं. फाटके बॉक्स टाका, वरचं चित्र कापून घ्या आणि तुकड्यांसकट चेनच्या जाळीदार पिशवीत ठेवा. पिशवीवर तीच खूण.

दोन_पिल्लं:
आणि ज्यात तीनपेक्षा जास्त तुकडे कमी आहेत ते जुळवू पण नका. चिकटवायच्या कामाला काढा.

उचकापाचक:
रविवारी थोरल्याला घेऊन बसते. खुणा कुठल्या करायच्या ते तो ठरवेल म्हणतोय, पहिल्या पझलला डायनासोर काढायचा आहे. प्रत्येक तुकड्यावर.

बाबा_ऑन_ड्यूटी:
किती तुकडे आहेत?

उचकापाचक:
अट्ठेचाळीस. ठिपक्यावर राजी करायला बघते.